नागूआयची हाक

नागूआय लग्नं लावायची, असं सांगितलं की आजकालच्या सुना तोंडाला पदर लावून हसतात. बाई कुठं लग्न लावते का? अगं, लावते! आमच्या आगऱ्यांच्या पाड्यात भटजी कुठला यायला? मिठागराच्या चिखलातून धोतर वर धरून कोण येणार होतं? आमच्यात धवलारीण असायची. ती मांडवात बसून धवला गायची, देवांना बोलवायची, घराघराला बोलवायची, नवऱ्याला नवरीच्या आणि नवरीला नवऱ्याच्या हवाली करायची. तिचं गाणं संपलं की लग्न लागलं. त्यावर ना कुणाचा शिक्का, ना कुणाची सही.

मी तिची मागली. धवलारणीला एक मागली लागतेच. तिनं ओळ टाकली की मागलीनं ती उचलायची, तेवढ्यात पुढलीनं दम घ्यायचा. माझं नाव रखमा, घर तिच्या शेजारचं, आणि यापलीकडं माझं सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं ते तिचं.

दिसायला म्हणाल तर बुटकी, रुंद, कपाळावर गोंदण, मिश्रीनं काळे झालेले दात. नवऱ्याला खाडीनं तरुणपणीच नेलं. विधवा बाई लग्नात कशी, असं कुणी बाहेरचा विचारायचा, तर आमच्यातला कुणीतरी सांगायचा, "आमी गला बगतो, कपाल नाय." आणि गळा म्हणजे काय गळा! आमचा पाडा बाळकुम गावाच्या खाली, अगदी खाडीला लागून. तिथं मांडवात ती उभी राहिली की मिठागरं ओलांडून पलीकडच्या पाड्यात ऐकू जायचं. हळू बोलणं तिला जमायचंच नाही. तिच्या कानात गुपित सांगावं आणि दवंडीवाल्याला सुट्टी द्यावी. एकदा माझ्या सासूबद्दल मी तिच्याजवळ चार शब्द बोलले. ती म्हणाली, "तुजी सासू नं, हाय खरी खवट!" माझी सासू तिकडं अंगणात सुकट वाळवत होती. पुढचे आठ दिवस मी काय भोगलं ते माझं मला माहीत.

लग्नाच्या दिवसांत आम्ही दोघी होडीत बसून गावोगाव जायचो. आगगाडी तेव्हा कल्याणच्याही पुढं घाटापर्यंत जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण नागूआय म्हणायची, "तिचा गला माझ्याहून मोठा, दोघी एका जागी नको." एकदा कोपरला गेलो होतो. हळद झाली, रात्र गेली, सकाळी नवरामुलगा मांडवात आणला तो दोघांनी बगलेत धरून. ताडी प्यायलेला. मान एकीकडं, बाशिंग दुसरीकडं. सगळे म्हणाले, "चालतंय गो, सुरू कर, दुपार होईल." नागूआय आपल्या पाटावरून उठली.

"शुद्धीत नाय त्याला मी गाऊन देत नाय. उद्या हा बोलंल, मना आठवत नाय."

मुलाचा बाप चिडला. मामा तर अंगावर आला. ही आपली कमरेवर हात ठेवून उभी. शेवटी त्या नवऱ्याला खाडीवर नेऊन चांगला बुचकळून काढला, ताक पाजलं, आणि तो ओल्या अंगानं दात वाजवत मांडवात आला तेव्हा हिनं त्याला विचारलं, "माझं नाव काय?" तो म्हणाला, "नागूआय." "नि तुझ्या बायकोचं?" त्यानं सांगितलं. "आथा बस," म्हणाली. त्या जोडप्याचं पुढं फार चांगलं झालं, ती असेपर्यंत ते दोघं तिला बोंबील पाठवत होते.

ती म्हणायची, गाणं म्हणजे जामीन. "पोरीची आय पोर माझ्या गल्यावर सोपवते. भट मंत्र बोलतो, त्याचा अर्थ कुणाला कलतो? मी त नावं घेऊन बोलते." आणि हे ती नुसतं बोलायची नाही. लग्न लावून वर्ष झालं की ती त्या पोरीच्या सासरी न सांगता जाऊन उभी राहायची. बसायची नाही, चौकशी करायची नाही. फक्त म्हणायची, "पोरी, पाणी दे." पोरगी लोटा घेऊन यायची. नागूआय पाण्याकडं बघायचीच नाही. ती हात बघायची. बांगड्या किती उरल्यात, मनगटावर काय आहे, हात सरळ पुढं येतो का दचकत येतो. मग पाणी पिऊन एकतर "सुखी रहा" म्हणून निघायची, नाहीतर सासूला म्हणायची, "इकरं ये गो बाय, जरा बोलाचं हाय." आणि तिचं ते जरा बोलणं चार घरं पलीकडं ऐकू जायचं. त्या लाजेनंच कितीतरी पोरींची हाडं शाबूत राहिली.

पण बघा कसं असतं. गावभरच्या पोरींचे हात बघणाऱ्या बाईनं घरच्या सुनेचा हात बघितला नव्हता. घरी पाणी कोण मागून पितं? रांजणात वाटी बुडवली की झालं.

तिला एकच मुलगा, जोमा. अंगानं आडदांड, हसला की छान दिसायचा. त्याची बायको चांगुणा, मुंब्र्याकडची, शांत पोर. तिचं लग्न नागूआयनंच लावलं होतं. दोघांना एक मुलगी, मंजी. आणि जोमा म्हणजे आमच्या पाड्याचा वाघ. तो वाघ कसा झाला ते सांगते, कारण पुढलं सगळं त्यातूनच आलं.

आमच्या मिठागराच्या पलीकडं खाजणात, खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत, एक बांध, आणि बांधाच्या त्या अंगाला किरिस्तांवांचा पाडा; ओहोटीला गाळातून चालत जाता यायचं, भरतीला होडीच लागायची. म्हातारे सांगायचे, त्यांचे आणि आमचे आजेपणजे एकच, फिरंग्यांच्या राज्यात ते बाटले. त्यांची भातशेती, आमचं मीठ. खारं पाणी आत आलं तर त्यांचं भात जळायचं आणि बाहेर राहिलं तर आमचं मीठ पिकायचं नाही. म्हणजे भांडण देवानंच घालून दिलेलं. एका मोठ्या भरतीला बांध फुटला. ते म्हणाले तुम्ही फोडला, आम्ही म्हणालो तुम्हीच. मारामारी झाली, आणि जोमानं मीठ ओढायच्या दांडक्यानं त्यांच्यातल्या मोठमोठ्यांची डोकी फोडली. तेव्हापासून जोमा पाटलाच्या ओटीवर बसायला लागला. त्याच्या पुढ्यात पहिलं पान वाढलं जायचं. "किरिस्तांव" हा शब्द शिवीसारखा उच्चारायला पोरांना त्यानंच शिकवलं. आणि बांधावर ज्या हातानं नाव कमावलं, तोच हात तो घरी वापरायला लागला.

आई घरी असताना नाही हं. आम्ही होडीत बसून लग्नं लावायला गेलो की. आम्ही त्या काठाला कुणाची तरी पोरगी सुखाला लावत असायचो, आणि इकडं हे चाललेलं. परत आलो की चांगुणा म्हणायची, उंबऱ्याला अडखळले.

एके दिवशी नागूआय उन्हातून आली आणि रांजणाकडं न जाता पडवीतच टेकली. "पाणी दे गो," म्हणाली. मी तिथंच होते. चांगुणानं लोटा आणला आणि तिच्या हातात न देता जमिनीवर ठेवला, पदराखालून, डाव्या हातानं. नागूआय लोट्याकडं बघत राहिली. मग तिनं पाणी न पिता लोटा तसाच उचलला आणि सरळ पाटलाच्या ओटीवर गेली. मी मागोमाग.

ओटीवर पंच बसलेले. हिनं लोटा मधोमध ठेवला आणि सांगितलं, "माझा पोर सुनेला मारतो. मी तिची जामीन हाय. पंचांनी त्याला बोलवावा."

पाटील भला माणूस, पण त्याला त्या वेळी बांधाची काळजी. तो म्हणाला, "नागू, जोमा नसता त बांध राहिला असता का? घरातला धूर घरात ठेव. बाहेर गेला त त्या पाड्याला हसाला होईल. आपल्या माणसाचं नाक कापलं त सगल्यांचंच कापलं."

"नाक सगल्यांचं," नागूआय म्हणाली, "नि हात एकटीचा?"

एकजण तर म्हणाला, आई असून लेकाच्या विरुद्ध बोलते. मला त्याचा असा राग आला! पण ती उठली. घरी जाऊन जोमाला तिनं काय सुनावलं ते अख्ख्या पाड्यानं ऐकलं. थोडे दिवस तो सुधारल्यासारखा वागलाही.

मग पाटलाच्या मुलीचं लग्न निघालं. त्याआधी आम्हाला कोपरचं एक लग्न होतं. आम्ही तिकडं असताना चांगुणा बांधावरची भाजी खुडायला गेली, आणि पलीकडून इजाबाय म्हणून एक किरिस्तांवीण तिच्याशी बोलली. इजाबाय वयानं मोठी, नवरा बोटीवर गेलेला, स्वतःची होडी स्वतः वल्हवणारी. बोलणं काय, तर मंजीचा खोकला कसा आहे. तिनं मंजीला दोन पेरू दिले. एवढंच. कुणीतरी जोमाच्या कानात घातलं. त्यानं तेच मीठ ओढायचं दांडकं घेतलं. "वैऱ्याचा पेरू खातेस?" असं म्हणत मारलं, हे मला पुढं चांगुणानं सांगितलं. उजवा हात कोपराखाली मोडला. भर दुपारी, ओहोटीची वेळ साधून, ती मंजीला डाव्या कडेवर घेऊन खाजणाच्या गाळातून चालत गेली, आणि कुठं जाणार? इजाबायच्या दारात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची होडी लागली. नागूआय घरात गेली. चूल गार, जमिनीवर बांगड्यांचे तुकडे. तिनं ते झाडून गोळा केले, तुळशीच्या मुळाशी टाकले, पाय धुतले आणि मला म्हणाली, "चल. पाटलाकडं हलद हाय."

आमच्या हळदीची रीत आधी सांगते, म्हणजे पुढलं कळेल. मांडवात उखळ मांडतात, त्यात हळकुंडं. धवलारीण हाक घालते. आधी देवांना, मग पाड्यातल्या एकेका घराला. ज्या घराचं नाव घेतलं त्या घरच्या बाईनं उठून मुसळाला हात लावायचा, दोन घाव घालायचे, मग पुढल्या घराची हाक. ज्या घराला हाक नाही ते घर पाड्यात नाही. आणि हाक सुरू झाली की शेवटच्या घरापर्यंत मांडवाबाहेर कुणी पाय टाकायचा नाही, बाई नाही नि बाप्या नाही. टाकला तर नवरीचा संसार मोडतो. लहान पोरांनासुद्धा आधीच बाहेर नेऊन आणतात.

आम्ही पोचलो तेव्हा मांडव तापलेला. जोमा मधोमध उभा राहून ओरडत होता, "माझी बायको पळवली! पोर पळवली! आज-उद्यात पाण्याखाली धरून बाटवतील!" पुरुषांनी काठ्या आणलेल्या, मांडवाच्या मेढीला टेकवून ठेवलेल्या. ओहोटी अजून होती, गाळातून चालत जाता आलं असतं. पाटील म्हणाला, "हलद उरकून घ्या, मंग जाऊ. नागू, झटपट घे." आणि तिच्याकडं बघून जरा नरमाईनं म्हणाला, "तुझ्याच सुनेला आणाला चाललोय."

नागूआय पाटावर बसली. पान तोंडात घातलं. "सगली आत या," म्हणाली. "कोण बाहेर नको." आणि तिनं हाक सुरू केली.

गणपतीला हाक गेली, गावदेवीला गेली, पाटलाच्या घराला गेली. पाटलीण उठली, मुसळाला हात लावला. दुसरं घर, तिसरं घर. आणि जोमाचं घर शेवटच्या रांगेतलं असताना तिनं ते मध्येच घेतलं.

"हाक गेली, हाक गेली, जोमाचं गो घर,
ऊठ गो घरधनीन, हात मुसलाला धर."

मी ओळ उचलली. कुणी उठलं नाही. उठणार कोण? आता खरं तर, बाई घरी नसली तर "अडलंय" म्हणून पुढं जायची मुभा असते. ती मुभा धवलारणीनं द्यायची. नागूआयनं दिली नाही. तिनं पुन्हा तीच ओळ टाकली. मी पुन्हा उचलली. पुन्हा तीच. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पाटील खाकरला. तिनं डोळे मिटले आणि आवाज वाढवला.

अहो, किती वेळ! ऊन मांडवाच्या एका कुडावरून दुसऱ्या कुडावर गेलं. पुरुष घामानं डबडबले. एकजण काठीकडं सरकला तसा पाटील ओरडला, "पाय बाहेर टाकशील त माझ्या पोरीचा संसार मोडंल!" जोमा म्हणाला, "आये, पुढं चल!" हिनं त्याच्याकडं न बघता त्याच्याच घराला हाक घातली. माझा घसा सुकून लाकूड झाला. पाणी मागितलं तर मानेनंच नाही म्हणाली. आणि मग माझ्या लक्षात आलं, मागं खाडीत पाणी चढायला लागलं होतं. गाळ बुडत होता. आता चालत जाता येणार नव्हतं. मला वाटलं, वा गं म्हातारे, भरतीची वाट बघत होतीस तर! पुढं मी तिला तसं विचारलं. तर म्हणाली, "भरती कशाला बगू? मी सुनेची वाट बगत होते."

आणि सून आली.

वारा त्या दिवशी तिकडं वाहत होता. इजाबायच्या अंगणात चांगुणा बसलेली, हाताला कामट्या बांधलेल्या, आणि पाण्यावरून तिच्या घराचं नाव येतंय, जातंय, पुन्हा येतंय. किरिस्तांवांच्या लग्नातही बायका उखळाशी बसून गातात, त्यांनाही ही रीत माहीत. इजाबाय तिला म्हणाली, "सासू बोलवते. जावाचं का?" चांगुणा म्हणाली, "ती बोलवते त जाते." इजाबायनं होडी काढली.

मांडवाच्या तोंडाशी दोघी येऊन उभ्या राहिल्या. मंजी इजाबायच्या कडेवर. पुरुषांचे डोळे फिरले, पण पाय कुणाचा हलला नाही. इजाबायनं पोर खाली ठेवली आणि म्हणाली, "हाक आयकली, पोचवाला आले. मना हाक नाय, मी आत येत नाय." असं म्हणून ती तिथंच उभी राहिली, हाताची घडी घालून.

चांगुणा आत आली. तोंड एका बाजूनं सुजून डोळा मिटलेला. बायकांतून एक सुस्कारा उठला. ती उखळापाशी बसली आणि डावा हात पुढं केला.

पाटलाची म्हातारी आई पटकन म्हणाली, "डावा नको गो, उजवा लाव. हलद हाय."

"उजवा मोडलाय," चांगुणा म्हणाली.

तेव्हा नागूआयनं गाणं थांबवलं. सकाळपासून पहिल्यांदा. "कुनी मोडला?"

चांगुणानं तिच्याकडं बघितलं. सगळा मांडव ऐकत होता. "आये, तुझ्या लेकानं."

जोमा काहीतरी बोलायला लागला. किरिस्तांव, बांध, असलं काहीतरी. पण इजाबाय समोर उभी होती आणि चांगुणाचा हात समोर होता, आणि त्याचं बोलणं कुणाच्या कानात शिरलं नाही. पाटलानं मान खाली घातली. मला वाटलं, आता नागूआय त्याला शिव्या घालील, रडेल, छाती पिटेल. तिनं काही केलं नाही. तिनं मांडी नीट केली, आणि त्याच चालीत गायली:

"हाक गेली, हाक गेली, चांगुणाचं गो घर,
ऊठ गो घरधनीन, हात मुसलाला धर."

असं कुणी कधी गायलं नव्हतं. घर बाप्याच्या नावानं असतं, ही रीत काय आजची आहे? पण धवलारीण मांडवात जे गाते ते खरं. मी ओळ उचलली. आणि खरं सांगते, माझ्यामागं बायकांनीही उचलली, ज्या कधी तोंड उघडत नसत त्यांनीही. चांगुणानं डाव्या हातानं दोन घाव घातले. नागूआय पुढल्या घराकडं गेली.

पोटच्या पोराला तिनं पाड्यातून काढलं होतं, एक शब्द बदलून. हाक संपली, पाय मोकळे झाले, पण काठ्यांना कुणी हात लावला नाही. संध्याकाळी त्याच काठ्या भाताच्या चुलीत गेल्या. नागूआय इजाबायला म्हणाली, "जेवल्याबिगर जावाचं नाय." ती म्हणाली, "पाणी उतरंल," आणि गेली.

आता कुणाला वाटेल, त्यानंतर दोन्ही पाडे गळ्यात गळे घालून नाचले. छे! पुढल्या पावसाळ्यात पुन्हा बांधावरून डोकी फुटली. "जोमा असता त" असं म्हणणारे होतेच. पाटील तर नागूआयवर इतका रागावला की धाकट्या मुलीच्या लग्नाला त्यानं दुसरीकडची धवलारीण आणली. तिनं बायकांना विचारलं, घरांची नावं सांगा. बायकांनी ओळीनं सांगितली, आणि पाटलीणबाईंनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं, चांगुणाचं घर. मी तिथं होते. मी पदराआड पोटभर हसले.

जोमा थोडे दिवस मिठागराच्या झोपडीत राहिला. हाक नसलेल्या माणसाशी कोण बोलणार? मग खडवलीकडं आगगाडीच्या रुळांवर कामाला गेला. नागूआय सुनेच्या घरात राहिली. कुणी टोमणा मारला, सुनेच्या घरात राहतेस? तर म्हणायची, "मग कुनाच्या राहू? तुझ्या?" तिची चेष्टामस्करी, तिचं मोठ्यानं बोलणं, तिचं पाणी मागणं, सगळं तसंच चालू राहिलं. फक्त एक होतं. खडवलीकडं कुणी जाणारा भेटला की ती त्याच्याकडं सोड्यांचं, सुकवलेल्या कोलंबीचं, पुडकं द्यायची. कुणाला द्यायचं ते सांगायची नाही. जाणाऱ्यालाही विचारायची गरज नसायची.

धवला गाताना तिला मी शेवटचं बघितलं ते मंजीच्या हळदीत.

तिच्या सुनेच्या अंगणातला मांडव, तिच्या नातीची हळद. गळा पार चिरलेला, पण हाक तीच घालणार, दुसरी कुणी नको म्हणून बसलेली. निम्मी घरं झाली होती आणि मांडवाच्या तोंडाशी जोमा येऊन उभा राहिला. रेल्वेचा जुना कोट, केस पांढरे, गाल आत गेलेले. मोठा माणूस इतका लहान झालेला मी पहिल्यांदा बघितला. आत आला नाही. हाक नव्हती ना. उभा राहून हाकेची वाट बघत होता.

कुजबुज सुरू झाली. बाप आहे. आज तरी घ्यायला हवं. आपलाच आहे ना. पाटील आता थकलेला, काठी टेकत बसलेला, तोही म्हणाला, "नागू, आज घे त्याला. पोरीचं लगीन हाय. आपला माणूस हाय."

नागूआयनं चांगुणाकडं बघितलं. चांगुणा उखळाशी बसलेली, वाकडा बसलेला उजवा हात मांडीवर. ती म्हणाली, "आये, तुझा पोर. तुझी मर्जी."

आणि नागूआयनं आपल्या पोराकडं बघितलं. नीट बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, आई बघते तसं. मला वाटतं, त्या वेळी सोड्यांची सगळी पुडकी तिच्या डोळ्यांपुढून गेली असतील. मग तिनं गळा साफ केला.

"हाक गेली, हाक गेली, चांगुणाचं गो घर."

आवाज जराही हलला नाही. चांगुणा उठली आणि तिनं मुसळाला हात लावला, वाकडा तोच, उजवा. जोमा वळला आणि बांधाच्या वाटेनं गेला. कुणी हाक मारली नाही.

नवरीच्या घराच्या हाकेपाठोपाठ मंजीला आशीर्वाद द्यायची ओळ होती. मी तिच्या तोंडाकडं बघत होते, ओळ उचलायला तयार. तिनं तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. डोळ्यांतून पाणी गालावर, गालावरून गळ्यावर, आणि आवाज नाही. इतकी वर्षं मी तिच्या मागं होते, पुढं कधीच गेले नव्हते. त्या दिवशी मीच ओळ टाकली. तिनं माझा हात घट्ट धरला, आणि माझ्या मागून, हळू आवाजात, ती उचलली.